बर्फावर चालण्याचा अग्रक्रम

बाळकुमच्या आमच्या शाळेची एस्टोनिया देशातल्या एका शाळेशी शैक्षणिक देवाणघेवाण सुरू झाली. त्यासाठी डोळ्यांवर चढवायचे आठ व्हीआर हेडसेट आले आणि समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली. मी इतिहास शिकवतो. पण शाळेच्या वायफायचा पासवर्ड एकट्या मलाच पाठ असल्यामुळे दुसरा पात्र उमेदवार उपलब्ध नव्हता.

योजना सोपी होती. दोन्हीकडच्या सातवीच्या मुलांनी आपापल्या गावाचं चौफेर चित्रीकरण करायचं आणि ठरल्या दिवशी हेडसेट लावून एकमेकांच्या गावात फिरून यायचं. आमच्या मेघालीनं आजोबांच्या होडीत बसून ठाण्याची खाडी टिपली. तिकडून मारी नावाच्या मुलीनं गोठलेलं तळं पाठवलं. लोक त्यावरून चालत होते म्हणे. मेघालीनं हे घरी सांगितलं तेव्हा तिचे आजोबा दामाजी, चाळीस वर्षं खाडीत जाळं टाकलेला माणूस, पोट धरून हसले.

"पान्यावर मानूस चालतंय? तू चालून ये, मंग मना सांग."

तेव्हापासून पोरगी मधल्या सुट्टीत मला गाठायची. "सर, हेडसेट नक्की मिळणार ना मला? मी आजोबांना शब्द दिलाय."

"अगं, तुमच्यासाठीच तर आहे सगळं," मी म्हणायचो. तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं.

मग संस्थेनं नियोजन समिती नेमली. पहिल्याच बैठकीत मुख्याध्यापिका शीला मॅडमनी मूलभूत प्रश्न उपस्थित केला. "अध्यक्षांच्या आधी मुलांनी हेडसेट लावले, तर ते बरं दिसेल का?"

बरं दिसणार नव्हतंच. सर्वानुमते अग्रक्रम यादी मंजूर झाली. पहिल्या तुकडीत अध्यक्ष भगवानशेठ, उपाध्यक्ष, दोन विश्वस्त आणि चौघांच्या सौभाग्यवती. दुसऱ्या तुकडीत पालक संघाचे पदाधिकारी, दोन माजी मुख्याध्यापक, कार्यक्रमाला फुकट खुर्च्या देणारे मंडपवाले, स्वतः शीला मॅडम आणि समन्वयक. विद्यार्थी तिसऱ्या तुकडीत. "मुलं काय, रोजचीच आहेत," असं इतिवृत्तात नोंदवलं आहे. खाली माझी सही आहे.

कार्यक्रम दुपारी दीडला होता. तिकडे सकाळचे दहा वाजले होते. आमचे शाल-श्रीफळाचे सत्कार आटोपेपर्यंत तिकडची पंचवीस मुलं पडद्यावर शहाण्यासारखी बसून होती. मग भगवानशेठनी हेडसेट लावला आणि पहिल्याच पावलाला पँट घोट्यांच्या वर ओढली.

"अरे, काय गार आहे रे!" ते ओरडले. सभागृहात पंखे बंद पडले होते आणि आम्ही सगळे घामानं निथळत होतो.

तुकडीला दहा मिनिटं ठरली होती. चाळीस झाली. मी उपाध्यक्षांच्या कानाशी जाऊन वेळेची आठवण केली, तर ते म्हणाले, "थांब रे, अर्ध्यातून परत कसा येऊ? पलीकडचा काठ दिसतोय."

एस्टोनियाच्या बाईंनी शेवटी माइकवरून अदबीनं विचारलं, "तुमच्याकडे सातवीत मुलं साधारण किती वर्षांची असतात?"

"वयाची अट नाही," शीला मॅडमनी सांगितलं.

दुसऱ्या तुकडीत शेवटचा, म्हणजे यादीत सोळावा क्रमांक माझा. मी नकार देऊ शकलो असतो. मेघाली समोरच उभी होती, त्या उकाड्यात पायात लोकरी मोजे घालून. पण यादी मंजूर झालेली. मीही तळ्यावर चाललो. दूरवर पांढरं, वर निळं आकाश, पायाखाली काचेसारखं पाणी. खोटं का बोलू, फार सुंदर होतं. मी दोन फेऱ्या मारल्या.

मग तिसरी तुकडी आली. मेघालीनं दोन्ही वेण्या मागे टाकून हेडसेट चढवला आणि अलगद एक पाऊल उचललं.

"सर, काळोख आहे."

आठही हेडसेटच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. चार्ज व्हायला दोन तास लागणार होते आणि तिकडची ठरलेली वेळ संपत आली होती. मारीनं हात हलवला, पण मेघालीला तो दिसला नाही. पडदा बंद झाला.

"हेडसेट काढू नकोस!" शीला मॅडम धावत आल्या. अहवालात विद्यार्थ्याचा फोटो सक्तीचा होता. "हात पुढे कर. तोंड उघड. आश्चर्य दाखव."

तिनं दाखवलं. फोटो अप्रतिम आला.

नंतर मोजे काढताना तिनं विचारलं, "सर, आजोबांना काय सांगू?"

मला तिच्याकडे बघवेना. शरम वाटली, अगदी मनापासून वाटली. "फोटो दाखव," मी म्हणालो आणि अहवाल लिहायला गेलो. विद्यार्थी सहभाग शंभर टक्के.

दुसऱ्या दिवशी ती आली ती मान खाली घालूनच. आजोबांनी फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला होता. मग इतकंच विचारलं होतं, "पोरी, डोलं झाकून तुना काय बघलंस?"

तोच फोटो शाळेच्या, सोसायट्यांच्या आणि पालकांच्या सगळ्या ग्रुपांवर गेला. मी समन्वयक असल्यामुळे प्रतिसाद मोजणं माझ्याकडे आहे. 'अभिमान वाटतो' चौऱ्याऐंशी, टाळ्या एकशे तीस, अंगठे दोनशे बारा. आजोबांचा प्रश्न एकानंही विचारलेला नाही. अंगठ्यांची यादी नावांसकट माझ्यासमोर आहे. तुमचा सत्तेचाळिसावा.