खोतअण्णांचा रोजचा एक प्रश्न

आमचे खोतअण्णा सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी त्याची खुशाली विचारतात. एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधून टाइप करतात : 'राम राम पावणं. बरं हाय न्हवं? जेवण झालं का?' मग दोन्ही हात मांडीवर ठेवून उत्तराची वाट बघतात. ते एआय बिचारं रोज नम्रपणे सांगतं, की मी संगणकीय प्रणाली आहे, मला जेवण लागत नाही, पण तुमचं झालं का? अण्णा हे सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचतात आणि वर म्हणतात, "बघा, उलट इचारतंय. वळण चांगलं हाय."

एवढं झाल्यावर काम. संध्याकाळी निघताना 'येतो मग' असं लिहितात, तिकडून 'या' आल्याशिवाय बटण बंद करत नाहीत. मी एकदा म्हणालो, "अण्णा, ते यंत्र आहे. सरळ काम सांगायचं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "साहेब, दारात आल्या आल्या कामाचं बोलणारा माणूस तुमाला आवडतो का?"

आम्ही दोघं कोल्हापुरातल्या एका दूध संघात पत्रव्यवहार विभागात आहोत. हल्ली पत्रं कोण लिहितं, असं तुम्हाला वाटेल. आमच्या टेबलावर येऊन बघा. दूध उत्पादक अजून वहीचं पान फाडून, पाठपोट लिहून, चार घड्या घालून पत्र पाठवतो. त्यात आधी पाऊसपाणी, मग जनावरांची हालहवाल, मग गावातल्या डेअरीच्या सेक्रेटरीचा स्वभाव आणि अगदी शेवटी, संकोचून, खरं काम.

अण्णा मूळचे मुरगूडचे. सारी हयात संकलन केंद्रावर दुधाची फॅट काढण्यात गेली. अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब ठेवून त्यातलं पाणी सांगायचे म्हणतात. गुडघे गेल्यावर संघानं त्यांना ऑफिसात आणून बसवलं. अजूनही हातात आलेला कागद ते आधी दोन बोटांत चोळून बघतात, मग वाचतात.

आता माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत.

गेल्या वर्षी संघानं ठरवलं, की पत्रव्यवहारात एआय वापरायचं. पुण्याहून एक हुशार मुलगी शिकवायला आली. दोन तासांत तिनं भिंतीवर इतकी चित्रं दाखवली, की मला गाडी लागल्यासारखं झालं. सतरा साधनांची नावं तिनं सांगितली. सतरा हा आकडा पक्का, कारण मी ती वहीत उतरवून घेतली होती. पुढं काय करायचं हे न कळल्यामुळं त्यांना लाल पेनानं अधोरेखितही केलं होतं. अधोरेखित केलं की माणसाला आपण काहीतरी शिकलो असं वाटतं.

बाकीचे मोबाइल बघत होते. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होतो. मला काही कळत नसलं की माझी मान आपोआप हलते. लग्न ठरवतानाही असंच झालं होतं, असं आमची ही म्हणते. त्या मान हलवण्याचा परिणाम असा झाला, की आमच्या विभागप्रमुख पाटीलमॅडमनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मानेसाहेबांना यातलं कळतंय. आपल्या विभागाचे एआय समन्वयक तेच."

टाळ्या वाजल्या. 'मला नाही येत' हे म्हणायला तेवढाच क्षण होता. मी मान हलवली.

घरी मुलीला विचारावं, तर तिला मी आदल्याच दिवशी "तुमची पिढी यंत्राच्या जिवावर जगते" असं ऐकवलेलं. मग मी सकाळी मोबाइल घेऊन बाथरूममध्ये बसायला लागलो. तिथं आवाज बारीक करून शिकवणीचे व्हिडिओ बघायचे. एक बघितला की खाली आणखी वीस. जेवढं बघावं तेवढं कमीच कळायचं. चौथ्या दिवशी दाराबाहेरून बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरला दाखवूया का? किती दिवस अंगावर काढताय?" मी आतून म्हणालो, "बरं वाटतंय आता." मग आठवडाभर मला दहीभात खावा लागला.

आणि पाटीलमॅडमनी मला पहिला शिष्य दिला : खोतअण्णा.

"साहेब, आमचं डोस्कं म्हंजे वल्लं लाकूड," अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले. "लगीच पेटायचं न्हाय. रोज एकच प्रश्न इचारणार. एका दिसाला एक. चालंल न्हवं?"

मला हायसं वाटलं. रोज संध्याकाळी निघताना अण्णा प्रश्न टाकायचे. 'साहेब, लांबलचक पत्र त्येला थोडक्यात सांग म्हणायचं तर कसं म्हणायचं?' मी घड्याळ बघून म्हणायचो, "आता उशीर झाला अण्णा, उद्या नीट समजावून सांगतो." की दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये. आता सतरा साधनं नाहीत, वीस व्हिडिओ नाहीत; एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं. सापडायचं. ऑफिसात येऊन मी ते जन्मापासून ठाऊक असल्यासारखं सांगायचो. अण्णा "आयला, आसं हाय व्हय" म्हणून डोक्याला हात लावायचे.

कधी कधी त्यांचा मंदपणा हाताबाहेर जायचा. एकदा सांगितलेलंच तिसऱ्या दिवशी फिरवून विचारायचे. मी चहाच्या वेळी बाकीच्यांना त्यांची नक्कल करून दाखवायचो. एक बोट हवेत धरून 'पावणं, जेवला का' असं म्हणायचो. सगळे हसायचे. अण्णा जवळपास असले तर तेही हसायचे. मी उगाच माझी शिकवण्याची चिकाटी किती, हेही सांगून घ्यायचो.

तीन-चार महिन्यांत मी बरा तयार झालो. अण्णांनी आवक शिक्का मारून पत्रं माझ्याकडं द्यायची, मी मोबाइलवर फोटो काढून यंत्राला द्यायचे, ते सारांश आणि उत्तराचा मसुदा करणार, मग छापून मॅडमची सही. दिवसाला पूर्वी दहा पत्रं व्हायची, आता चाळीस. मॅडमनी माझं कौतुक केलं. मला वेग चढला.

गेल्या महिन्यात दुपारी एक पावणं ऑफिसात आले. शिरोळकडचे, सत्तरीचे, डोक्याला टोपी, हातात आमच्याच संघाचा लिफाफा. मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "हे पत्र माझंच हाय का, बघा जरा. दुसऱ्याचं आलंय जणू."

मॅडमनी वाचलं. मी माझ्या खुर्चीतून ऐकत होतो. 'आपल्या घरी आनंदाचे वातावरण असल्याचे वाचून संघास मनस्वी समाधान वाटले. आपली म्हैस व पारडू सुखरूप असल्याबद्दल अभिनंदन. आपण सहकुटुंब असेच आनंदात राहावे.'

मग मॅडमनी फाइलमधून त्यांचं मूळ पत्र काढलं. पुढच्या बाजूला म्हैस व्यालेली, पाऊस चांगला, सेक्रेटरी सज्जन. त्यांनी कागद उलटला. मागच्या बाजूला लिहिलं होतं, की आमची मंडळी महिन्यापूर्वी वारली. तीस वर्षं डेअरीला दूध तिनंच घातलं, पण सभासद मी असल्यानं संघाच्या कागदावर तिचं नाव कुठंच नाही. संघानं तिच्या नावानं चार ओळींचं पत्र दिलं तर भिंतीला लावीन.

मी फोटो पुढच्याच बाजूचा काढला होता. त्या दिवशी चाळीसचे पन्नास करायचे होते.

मॅडमनी मान वर केली. कागदावर आवक शिक्क्याशेजारी अण्णांची सही होती. "अण्णा, हे तुमच्याकडून झालं का?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग उठून उभे राहिले. "व्हय मॅडम. पाठपोट बघितलं न्हाय. चुकलं."

मी काय केलं असेल? मी गप्प बसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी आज सांगताना थोडं सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "होतं मॅडम असं सुरुवातीला. मी त्यांना परत एकदा नीट समजावतो."

अण्णा टेबलामागून बाहेर आले. पावण्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चला, लांबनं आलाय, च्या घेऊ," आणि लंगडत त्यांना कँटीनकडं घेऊन गेले. मॅडम मला म्हणाल्या, "त्यांच्या कॉम्प्युटरवर बघा, नेमकं कुठं चुकलं ते. पुन्हा व्हायला नको."

मी अण्णांच्या खुर्चीवर बसलो. नुसतं बघितल्यासारखं करायचं आणि उठायचं, एवढाच विचार होता. यंत्राशी झालेली त्यांची सगळी बोलणी एका बाजूला ओळीनं दिसत होती. पार ते माझे शिष्य झाले त्या दिवसापासूनची. वेळ सकाळी नऊची. ऑफिस दहाला सुरू होतं.

पहिलंच उघडलं. राम राम झाल्यावर अण्णांनी लिहिलं होतं : 'आमच्या मानेसाहेबांस्नी त्या शिकवणीत सतरा नावं एकदम सांगितल्यात. डोस्कं भणाणलंय त्येंचं, तोंडावरनं दिसतंय. सगळ्यांम्होरं मोठं केलंय, आता इचारायचं कुणाला? म्हणून मीच त्येंस्नी इचारतो. आजच्यासाठी एक सोपा प्रश्न दे.'

यंत्रानं तीन दिले होते. त्याखाली अण्णा : 'दुसरा चालंल. पैला लईच सोपा हाय, संशय येईल.'

मी खाली खाली वाचत गेलो. 'परवाचा जड झाला जणू. काल साहेबांचं डोळं लाल हुतं. हलका दे.' आणखी एका दिवशी : 'काल साहेबांनी चुकीचं सांगितलं. मी व्हय म्हटलं. तोच प्रश्न फिरवून दे, म्हंजे त्येंचं त्येंस्नी कळंल.' मधल्या ओळींत अण्णांनी स्वतःची कामंही करून घेतली होती, माझ्यापेक्षा कितीतरी नीट. मला अजूनही न जमणारी कामं त्यात होती.

एका ठिकाणी यंत्रानं विचारलेलं दिसलं, की तुम्ही त्यांना सरळ का शिकवत नाही? अण्णांचं उत्तर लांब होतं.

'केंद्रावर फॅटचं नवं मशीन आलं तवा मला यायचं न्हाय. नवीन साहेब रांगेतल्या माणसांम्होरं मला हसला. दूध घालायला आलेल्या बायाबी हसल्या. त्या काय वाईट न्हवत्या, साहेब हसला म्हणून हसल्या. मी दोन दिस केंद्रावर गेलो न्हाय. घरात सांगितलं, ताप हाय. अजून कुणाला ठावं न्हाय. मानेसाहेब माणूस चांगला हाय. त्येंचं तसं व्हायला नको.'

मी चहाच्या वेळी हवेत धरलेलं ते एक बोट मला आठवलं. खोलीत कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, तरी मान वर करवेना.

उठलो. मॅडमच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, की पत्र माझं होतं. फोटो मी काढला, उत्तरावर त्यांची सही मी घेतली. अण्णांचा फक्त शिक्का. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मग मघाशी?" त्यांनी ते मूळ पत्र माझ्या हातात ठेवलं. "पावणं गेले नसतील अजून."

कँटीनमध्ये अण्णा बशीत चहा ओतून पावण्यांपुढं सरकवत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "काका, ते पत्र मी केलं होतं. मागची बाजू मी बघितली नाही. अण्णांनी माझं स्वतःवर घेतलं."

पावण्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. "मला काय," ते म्हणाले. "कुणीबी का केलं आसंना. तिच्या नावाचं मिळंल का तेवढं सांगा."

अण्णा माझ्यावर जरा वैतागल्यासारखे दिसले. "बसा की साहेब. उभं काय ऱ्हायलाय." मग नेहमीच्याच बावळट चेहऱ्यानं त्यांनी आजचा प्रश्न टाकला. "बरं झालं आला. ह्येंच्या मंडळींचं पत्र करायचंय. त्येला कसं सांगायचं वो?"

मला उत्तर द्यायला रस्ता करून दिला होता. पावण्यांपुढं माझी अब्रू राखायची त्यांची तयारी अजून होती.

"मला नाही येत, अण्णा," मी म्हणालो. "तुम्ही सांगा. मी लिहून घेतो."

अण्णांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडं नीट बघितलं. किती कळलंय याचा अंदाज घेत असावेत. मग चेहऱ्यावरचा तो बावळटपणा हळूहळू गेला. त्यामागं इतका शहाणा, थकलेला माणूस बसला होता, हे मला इतक्या महिन्यांत दिसलं नव्हतं.

"मग अदुगर त्याला माणूस कोण हुतं ते सांगाय लागतंय," ते सावकाश म्हणाले. "पहाटे किती वाजता उठायच्या, घागर कुठल्या वाटंनं आणायच्या, पुरात दूध कसं पोचवलं. न्हायतर ते सगळ्यांस्नी सारखंच लिवतंय." आणि पावण्यांकडं वळून, आवाज खाली आणून, "वैनींचं नाव काय म्हणायचं?"

पावण्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पत्राच्या दोन्ही बाजूंना कुठंही ते नाव नव्हतं. 'मंडळी' एवढंच होतं. त्यांनी खिडकीकडं बघितलं.

"सुभद्रा," ते म्हणाले.

मी लिहून घेतलं.