अर्धा शब्द सरांचा

मास्तर वाक्य पूर्ण बोलतो म्हणून वर्ग झोपतो, असं गणिताच्या सरांचं ठाम मत होतं. स्टाफरूममध्ये ते छाती काढून सांगत, "पायरीपायरीने शिकवणार मी, फळ्यावर करून दाखवणार मी, पण वाक्याचं शेपूट मुलांच्या हातात द्यायचं! झोपतील कशी?"

आणि खरंच, त्यांच्या वर्गात कोणी पेंगत नसे. "याला म्हणतात आय..." "...त!" "लांबी गुणिले रुं..." "...दी!" सगळा वर्ग शेपूट झेलायला टपलेला.

ही सवय घरीही शिरली. "भाजी आज जरा खा..." म्हणून सर थांबत.

"खारट म्हणायचं असेल तर स्वतःच्या तोंडाने म्हणा," बायको म्हणे. "मी तुमच्या वर्गात नाही!"

सर कित्येक वर्षं तात्पुरते होते. त्यांना कायम करायचं का, हे ठरवायला अखेर तपासणीचे साहेब आले आणि मागच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले.

धडा क्षेत्रफळाचा. एक आयत सरांनी सोडवून दाखवला, दुसरा सगळ्यांनी मिळून सोडवला, पुढचे मुलांवर सोपवले.

"आता याचं क्षेत्रफळ का..."

"...ढा!"

"आणि याचं का..."

"...ढा!"

तास संपेपर्यंत खिडक्यांची तावदानंही 'ढा' म्हणू लागली.

साहेब उठले. चेहरा प्रसन्न. "वा! मुलांनो, तुमच्या सरांना मी आता का..."

इथे नेमकी खडूची धूळ साहेबांच्या घशात गेली.

"...ढा!" अख्खा वर्ग गरजला.

दारातल्या हेडमास्तरांनी डोळे मिटले.

"काढा?" साहेबांचा खोकलाच थांबला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सरांनी शिकवलं!" मुलांचा ऊर भरून आला होता.

"नाही, साहेब," सर घामाघूम झाले, "हा केवळ सवयीचा परि..."

"...णाम!" वर्गाने सरांना सांभाळून घेतलं.

साहेब गंभीरपणे म्हणाले, "वर्ग जागा आहे, यात वाद नाही. पण वर्गाचं मत इतकं एकमुखी असताना आपण घाई करू नये."

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "काय झालं? कायम ना?"

सरांनी चपला काढल्या. बराच वेळ त्या नीट लावत बसले.

"आणखी वर्षभर तात्पु..."

पुढचं त्यांच्या तोंडून येईना. या वेळी ते मुद्दाम थांबले नव्हते.

"...रते," बायको हळूच म्हणाली.