उजव्या हाताचं पातेलं

शामकांत देवचक्के यांनी ठरवलं, की बनुबाईंना विचारायचं नाही. सगळा घोटाळा इथून सुरू झाला.

एकाहत्तर सालचा मे महिना. आजारातून बरं झालेल्या, पण घरच्यांनी परत दार न उघडलेल्या माणसांसाठी नगरमधल्या एका ट्रस्टनं दुमजली इमारत बांधली होती. पाटीवर ‘आसरा’ असं नाव होतं. गल्ली मात्र ‘येड्यांची चाळ’ म्हणायची. (क्षयातून उठून आलेल्यांना याचा फार राग यायचा.) शामकांत एका कचेरीत कारकून होते. मध्येच डोकं बिघडलं, बराच काळ येरवड्याला काढला आणि पुरते बरे होऊन इथे आले. पण बरे झाल्यापासून त्यांच्या हाती कुणी कपबशीसुद्धा देईना. “राहू द्या शामकांतराव, तुम्ही आपले बसा.” बसून बसून त्यांना बसण्याचाच आजार जडायची वेळ आली होती.

म्हणूनच सगळ्या बिऱ्हाडांची डोंगरगणला सहल ठरली आणि शेजारच्या बनुबाई म्हणाल्या, “मसालेभाताचं पातेलं तेवढं टेम्पोत ठिवा. दाराच्या उजव्या हाताचं,” तेव्हा शामकांतांना कचेरीत बढती मिळाल्यासारखं वाटलं.

दारात गेले, तर दोन पातेली. दोन्ही सारखी, दोन्हींवर पांढरं फडकं बांधलेलं. उजवा हात कुठला? आत जाताना, की बाहेर येताना? विचारावं, तर लोक म्हणणार, बघा, अजून पुरता बरा नाही. शामकांतांनी धीर करून एक उचललं.

डोंगरगणचा पुंजाराम पहाटे भाजी घेऊन नगरच्या मार्केटला यायचा. परतताना रिकाम्या टेम्पोतून त्यानं सगळ्यांना आनंदानं नेलं. पातेलं शामकांतांनी मांडीवर घेतलं आणि जावयाला जपावं तसं वाटभर जपलं. थोड्या वेळानं टेम्पोत आंबूस वास सुटला.

“पुंजाराम, तुझी कोबी कुजली आहे रे,” विष्णुपंत म्हणाले. विष्णुपंत निवृत्त मास्तर. दोष शोधायची सवय अजून गेली नव्हती.

“कोबी कवाच इकली, गुर्जी,” पुंजाराम म्हणाला.

मग सगळे एकमेकांकडे संशयानं बघू लागले. शामकांतांच्या धोतरावर काहीतरी गार गार झिरपत होतं. मसालेभात जरा सैल झाला असावा, अशी त्यांनी समजूत घातली.

संध्याकाळी न्यायला येतो, असं सांगून पुंजाराम गेला. झऱ्याशेजारी आंब्याखाली पंगत बसली आणि बनुबाईंनी फडकं सोडलं.

“अगं आई गं! ह्यो तर माझा कुरडयांचा चीक!”

गहू भिजवून, आंबवून, वाटून काढलेला पांढराशुभ्र चीक टेम्पोत पार घुसळून निघाला होता.

“म्हणजे भात नगरला आणि आपण डोंगरगणला,” विष्णुपंत म्हणाले. “वा! भूगोलात नापास!”

शामकांत खाली मान घालून थांबले. आता नेहमीचं वाक्य येणार: जाऊ द्या, आजारी माणूस आहे. पण बनुबाईंनी पदर खोचला.

“डोळं हायत का बटनं? माझा उजवा हात कळंना तुमास्नी? वाटभर नाकाखाली धरलं, तरी वास न्हाई आला? एवढं मोठं कारकून, आन्‌ भात न्‌ चीक कळंना!”

शामकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता रडता कशापायी?”

“रडत नाही, बनुबाई. घरचं माणूस ओरडतं तसं कुणी ओरडलंच नव्हतं हो, कितीतरी दिवसांत.”

बनुबाईंनी पदर आणखी घट्ट खोचला. “असं व्हय? मग आयका अजून,” म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

तो आवाज ऐकून शेजारच्या वस्तीवरची चांगुणा धावत आली. “कुठनं आलात वं पावनं?”

विष्णुपंत झऱ्याकडे बघू लागले. ‘आसरा’ म्हटलं, की माणसं चार पावलं मागं सरकतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी बनुबाईच म्हणाल्या, “येड्यांच्या चाळीतनं.”

“मग आमी काय लई शाने हाय?” चांगुणा हसली. “आमचं मालक कालधरनं बैलाशी बोलंनात. चीक हाय न्हवं? मग आरडता कशाला? चला, चुलीवर ठिवा.”

तिच्या अंगणात पाण्याला आधण आलं, मीठ पडलं, चीक पडला. हाटायचं काम शामकांतांकडे आलं. गुठळी झाली की बनुबाई ओरडत आणि शामकांत तृप्त मनानं पुन्हा हाटत. गरम चीक, वर दूध आणि गूळ. चांगुणाच्या घरची सगळी माणसं या पाहुण्यांच्याच पंगतीला बसली आणि त्यांच्याच हातचं जेवली. विष्णुपंतांनी तीनदा मागून घेतलं आणि दर वेळी ‘जरा कच्चा आहे’ असं सांगितलं. उरलेल्या चिकाच्या कुरडया चांगुणाच्या सोऱ्यातून बाजेवर पडल्या.

इकडे उन्हानं शामकांतांचं धोतर खळ लावल्यासारखं कडक झालं. बसताना पापड मोडल्यासारखा आवाज येई, तेव्हा चांगुणाची सासूसुद्धा पदर तोंडाला लावून हसे. शामकांतही हसले. हसून हसून पोटात दुखेपर्यंत हसण्याइतका आपण बरा झालो आहोत, हे त्यांना त्या अंगणात कळलं आणि त्यांनी मनोमन त्या पातेल्याला हात जोडले.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सहल ठरली. सगळे जमले, कामं वाटली गेली. शामकांत पुढे सरसावले. “आणि माझ्याकडे काय?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बनुबाई मायेनं म्हणाल्या, “तुमच्याकडं सगळ्यात म्होटं काम. तुमी नुस्तं यायचं. तुमच्याबिगर टेम्पो हालायचा न्हाई.”

शामकांतांचा ऊर भरून आला.

“फकस्त,” बनुबाई म्हणाल्या, “हात मागं बांधून या.”