रचना क्रमांक सत्तेचाळीस

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या चौदा तारखेला सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी माझी मुलगी संयोगिता हिचा विवाह झाला. त्याच दिवशी दुपारी साडेबारा वाजता आमच्या खडकजाईवाडीच्या रस्त्याची शासनातर्फे त्रिमितीय मोजणी झाली. या दोन कार्यांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

मी लालासाहेब. फौजेत बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. शिस्तीचा माणूस आहे. आमचं गाव उंब्रजहून पाटणकडं जाताना आत लागतं आणि माझं घर अगदी रस्त्याला लागून आहे. मांडव रस्त्यावर घातला होता. मग काय शेतात घालू? दारात मांडव पडल्याशिवाय आमच्याकडं लग्न झाल्यासारखं वाटतच नाही. आणि प्रश्न एका दिवसाचा होता! गाड्यांनी बांधावरून जायचं, उसाला थोडं घासून जायचं. आजवर कुणी तक्रार केली नाही. केली असेल तर मला ऐकू आली नाही.

मांडव उंब्रजच्या रहिमाननं घातला. वर गुलाबी कापड, तोंडाला कमान, कमानीला थर्माकोलचे दोन हत्ती. आचाऱ्यांना सावली पाहिजे म्हणून त्यानं एक हिरवं कापड शेजारच्या रंगुबाईच्या पिठाच्या गिरणीवरून ओढून मागच्या आंब्याला बांधलं. गिरणी पार झाकून गेली. रंगुबाई हसत म्हणाली, “झाकू द्या भाऊ. आज कोन येतंय दळायला?” पुऱ्यांची सगळी कणीक तिनंच दळून दिली होती आणि पीठ लागलेल्या हातांनी पोरीला मीठमोहऱ्यांनी ओवाळलंही होतं.

पंगत बसली आणि डोक्यावर ड्रोन घोंघावायला लागला. मला वाटलं, आपल्या व्हिडिओवाल्याचा. मी वर बघून हात केला. नंतर कळलं की व्हिडिओवालाही वर बघून हात करत होता.

तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीत रस्ता रुंदीकरणाची जनसुनावणी लागली. कार्यालयातून ऋषिराज नावाचे तरुण अभियंता आले होते. पोरगा गोड, बोलणं मऊ, आणि कानाला सतत मोबाइल. त्यांनी भिंतीवर भलामोठा पडदा लावला आणि सांगितलं, “आता आपण रस्ता आधी संगणकात बांधतो. पूर्ण. खडी, डांबर, मोरी, झाड, खांब, सगळं आत असतं. याला बिम म्हणतात. आधी चुका आत करायच्या, म्हणजे बाहेर होत नाहीत.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोला.

मग त्यांनी रंगुबाईच्या डोळ्यांना संगणकातला रस्ता दाखवणारा डबड्यासारखा चष्मा लावला. बाईनं मान इकडं तिकडं फिरवली आणि एकदम किंचाळली.

“अगं बया! माजी गिरणी कुटं हाय?”

पडद्यावर सगळ्यांनाच दिसलं. रस्ता उंब्रजकडून नाकासमोर येत होता. माझ्या घरापाशी आला की एका गुलाबी वस्तूला मान देऊन डावीकडं वळत होता आणि जिथं गिरणी होती त्या जागेवरून सुसाट जात होता. त्या जागी हिरवंगार गवत दाखवलं होतं.

“ती गुलाबी वस्तू काय आहे?” मी विचारलं.

ऋषिराज साहेबांनी यादी वाचली. “रचना क्रमांक सत्तेचाळीस. कायमस्वरूपी. छत गुलाबी, प्रवेशद्वार एक, हत्ती दोन. लगत दगडी कठडा, लांबी चाळीस मीटर, उंची सरासरी अडीच फूट.”

“आवो, तो कठडा न्हाई, पंगत हाय ती!” मागून कुणीतरी ओरडलं.

“आणि प्रवेशद्वाराजवळ एक दिशादर्शक फलक. एका खांबावर. रंग उडालेला.”

तो मी होतो. हात वर करून उभा होतो ना.

मी उठलो. म्हटलं, “साहेब, हा माझ्या पोरीच्या लग्नाचा मांडव आहे. त्याच संध्याकाळी सुटला. आज तिथं बांबूचं भोकसुद्धा नाही. चला, दाखवतो.”

“काका, मला डोळ्यांनी दिसतंय हो,” ते कळवळून म्हणाले. “येताना मी त्याच जागेवरून गाडी आणली. पण नियम असा आहे की मॉडेल हाच सत्याचा एकमेव स्रोत. जमीन आणि मॉडेल यांत फरक निघाला तर त्याला जमिनीची विसंगती म्हणतात.”

“आन माजी गिरणी?”

“आजी, मॉडेलमध्ये तिथं गवत आहे. त्यामुळं तुम्हाला नोटीस येणार नाही, काळजी करू नका. गवताला नोटीस काढत नाहीत. थेट बुलडोझर येतो.”

रंगुबाई मटकन खाली बसली. तीस वर्षं ती गिरणी तिनं एकटीनं चालवलीय. गावातल्या प्रत्येक घराची भाकरी तिच्या जात्याखालून जाते. तिनं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला अशी लाज वाटली की बावीस वर्षांत कुठल्या सुभेदारानं वाटायला लावली नव्हती.

मांडव मॉडेलमधून काढायला उपाय एकच होता, रचना पाडल्याचा दाखला. त्याला तीन फोटो लागतात: पाडण्याआधीचा, पाडतानाचा, पाडल्यानंतरचा. पाडल्यानंतरचा फोटो आमच्याकडं होता. सगळा रस्ताच तो होता. पण पहिल्या दोन फोटोंशिवाय तिसरा स्वीकारता येत नाही, असं ऋषिराज साहेबांनी फार वाईट वाटून सांगितलं.

“म्हणजे मांडव परत घालायचा?”

“घाला, काका. पाडायलाच घालायचाय.”

रहिमानला फोन केला. तो म्हणाला, “लालासाब, मांडव हाय, पन एक हत्ती फलटनला गेलाय, साखरपुड्याला. दुसऱ्याची सोंड मोडली.” मी म्हटलं, फलटणला जा, पाया पड, पण हत्ती आण. आणला बिचाऱ्यानं, टेम्पोत उभा करून. सोंड रंगुबाईनं कणकेनं चिकटवली.

फोटो पाहणी पथकासमोरच काढायचे होते, म्हणून अर्ज दिला आणि पाहणीच्या दिवशी रस्त्यावर मांडव उभा राहिला. गाड्या पुन्हा उसातून जायला लागल्या. पाहणी पथक आलं, त्यांनी टॅबवर बघितलं, मांडवाकडं बघितलं आणि मान हलवली.

“कठडा कुठाय?”

कठड्याशिवाय रचना जुळेना. म्हणून गावाला आवताण दिलं आणि पंगत बसवली. साधा मसालेभात केला होता, पण माणसं लग्नाइतकीच आली, उलट चार जास्तच. फुकटच्या सरकारी कामाला आपल्याकडं कोण नाही म्हणतं? त्या चौघांना उठवून रांगेची लांबी जुळवावी लागली. संयोगिता आणि जावई जयराजही आले, कारण मॉडेलमध्ये मध्यभागी दोन खांब होते. संयोगिता जुळली. जयराज जुळेना. सासरी येऊन जाऊन त्याचा घेर वाढला होता.

“आकारमानात बारा टक्के वाढ,” पथकातल्या बाईंनी लिहून घेतलं. “खांबाला गिलावा केलाय का?”

“तूप,” माझी मुलगी म्हणाली.

मी फलकाच्या जागी हात वर करून पाऊण तास उभा होतो. फौजेतसुद्धा अशी शिक्षा फार मोठ्या गुन्ह्याला देतात.

आठवड्यानं अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: “प्रत्यक्ष पाहणीत रचना क्रमांक सत्तेचाळीस अस्तित्वात असल्याची खात्री झाली. रचना मजबूत असून नागरिकांच्या नित्य वापरात आहे. सोंडेची अलीकडेच दुरुस्ती केलेली दिसते. सुस्थितीतील वापरातली रचना पाडता येत नाही. सबब अर्ज निकाली.”

अहो, आम्ही स्वतःच्या हातानं पुरावा दिला होता! आधी मांडव फक्त संगणकात होता. आता तो शासनाच्या डोळ्यांनीही बघितला होता.

बुलडोझरची तारीख ठरली, सोमवार. आदल्या शुक्रवारी ऋषिराज साहेब आखणी करायला आले. गिरणीच्या दारात चुन्याची रेघ मारण्याआधी त्यांनी रंगुबाईची चाळण स्वतः उचलून बाजूला ठेवली. तसा पोरगा मनानं वाईट नव्हता. रंगुबाई उंबऱ्यात बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, “रंगुबाई, चूक माझी आहे. हवं तर माझी ओसरी घे. तिथं गिरणी टाक.”

“तुमच्या वसरीला काय करू? तिकडं जमीन हादरली की तुमची भिंत पडंल.” मग तिनं त्या पोराला हाक मारली. “आवं सायब, एक इचारू? तुमच्या त्या यंत्रात रस्त्याच्या मधी इमारत हाय न्हवं?”

“आहे, आजी. रचना क्रमांक सत्तेचाळीस.”

“आन ती पाडायची न्हाई?”

“पाडताच येत नाही.”

“आन हितं माज्या जाग्याला नुसतं गवात?”

“गवत.”

“मग माजी गिरणीच उचलून त्या इमारतीत घाला की! तुमचं यंत्र काय म्हनंल?”

ऋषिराज साहेब हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी लॅपटॉप उघडला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि बराच वेळ बोटं चालवली. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

“विसंगती शून्य,” ते म्हणाले. “काका, माझ्या नोकरीत पहिल्यांदा शून्य आली.”

शनिवार-रविवार सगळं गाव राबलं. मोटर, जातं, पट्टा, पत्रे, सगळं उचलून रस्त्याच्या ऐन मधोमध नेलं. वीजवाल्यांनी एक प्रश्न विचारला नाही. नकाशात इमारत होती, इमारतीला मीटर मिळतो. पत्र्यांना गुलाबी रंग दिला, कारण मॉडेलमध्ये तसा होता. सोमवारी बुलडोझर आला आणि रिकाम्या जागेवरून समाधानानं फिरला.

रस्ता वर्षभरात झाला. राज्यात इतका मॉडेलबरहुकूम रस्ता दुसरा नाही, असं कार्यालयानं पत्रक काढून कळवलं. ठेकेदारानं दगडी कठडासुद्धा बांधला, चाळीस मीटर, वर एकशे बारा उंचवटे. मधे एक फट सोडलीय. तिथं आमचे व्याही हात धुवायला उठले होते. बाहेरून अधिकारी येतात, गिरणीला प्रदक्षिणा घालतात, फोटो काढतात. रंगुबाईचा धंदा तिप्पट झाला, कारण आता तिला दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक येतं. मी हात करून उभा होतो तिथं शासनानं खरा फलक लावलाय, “डावीकडे वळा”. तो माझ्यासारखाच दिसतो असं बायको म्हणते.

परवा सांगलीकडची एक चकाचक गाडी गिरणीला धडकता धडकता राहिली. काच खाली झाली. गॉगलवाला गृहस्थ माझ्यावर उखडला, “ओ आजोबा, हायवेच्या मधोमध गिरणी? कुणाच्या डोक्यातनं निघालं हे? या देशात रस्ता कशासाठी असतो हेच लोकांना कळत नाही!”

म्हटलं, खरं आहे.

तेवढ्यात ताज्या ज्वारीच्या पिठाचा वास गाडीत गेला असावा. मागच्या सीटवरून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “आहो, पीठ मिळतंय का बघा की.” गृहस्थानं मागंपुढं बघितलं, लेनच्या बरोबर मधे गाडी उभी केली, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि उतरता उतरता मला म्हणाला, “दोनच मिनिटं हं, आजोबा.”

मागं रांग लागली. हॉर्न वाजले. मग हॉर्न वाजवणारेही एकेक करून पिशवी घेऊन उतरले.

मी वर बघितलं. देखभालीच्या मोजणीचा ड्रोन आला होता. आता तो दर महिन्याला येतो, तारीख कुणालाच सांगत नाहीत. पुढच्या आराखड्यात त्या गृहस्थाच्या गाडीला वळसा घालायला कुणाचं घर जाईल, ते कळेलच.

तुम्ही मघापासून हसताय, चांगली गोष्ट आहे. पण मला एक सांगा, तुमची गाडी आत्ता कुठं लावलीय?