छप्पन्नाचे चोवीस

मेश्रामभाऊ चहासुद्धा बेरीज जोडून मागवत. "तीन चहा, वरून एक बिनसाखर, दोन पोहे. एकूण सहा नग. परत सांग." टपरीवाला वैतागे, "काका, चहा मागवून राह्यले का इंटरनेट?" भाऊ शांतपणे म्हणत, "दोन्ही वाटेतच सांडते."

बालाघाटच्या आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीत ते जोडणीचं काम बघत, मी प्रोग्राम लिहीत असे. आमचं भांडण एकच: चेकसम हवा की नको? म्हणजे पाठवताना मजकुराची बेरीज सोबत धाडायची आणि घेणाऱ्यानं ती पुन्हा करून ताडायची.

"प्रत्येक तारेवर तपासणी होतेच, भाऊ. वरून पुन्हा कशाला?"

एवढं म्हटलं की भाऊ खुर्चीवरून उठलेच. राउटरला ते खोकं म्हणत. "तार दोन खोक्यांमधलं पाह्यते रे. खोक्याच्या पोटातच आकडा बिघडला त? तार तोच खोटा आकडा इमानदारीनं पुढं नेते. शेवटच्या माणसानंच तपासाले पाह्यजे." जेवायची सुट्टी संपे, आमचं संपत नसे. तशी मजा मला पुन्हा कशात आली नाही.

आता खरं सांगतो. लालबर्राच्या एका राईस मिलमध्ये धान वाळवायच्या यंत्राचं तापमान चालकाच्या खोलीत दाखवणारा प्रोग्राम मी लिहिला. भाऊंना खोटं पाडायचं म्हणून त्यात चेकसम गुपचूप बंद ठेवला. चार महिने सुरळीत गेले. मनातल्या मनात मी जिंकलो होतो. मग मधल्या खोक्याची मेमरी बिघडली. एक बिट उलटला आणि छप्पन्नाचे चोवीस झाले. चालकानं आच वाढवली. सगळं धान करपलं.

खोकं भाऊंनी बसवलेलं. आमच्या कंपनीच्या मालकानं त्यांना काढलं. मी मान खाली घालून टाइप करत राहिलो.

सहा वर्षांनी, गेल्या रविवारी, त्यांच्या दारात उभं राहून एका दमात सगळं सांगितलं.

"मले माहीत होतं," भाऊ म्हणाले. "त्याच दिवशी पॅकेट उघडून पाह्यलं मी. चेकसमच्या जागी शून्य, म्हंजे बंद."

"मग मालकाला का नाही सांगितलं?"

"तुह्या घरी लेकरू व्हाचं होतं." मग म्हणाले, "पण तू आला काहून नाही रे, सुनील? इथं उलटं बोलाले कोणी नाही. टीव्हीसंगं भांडून राह्यलो मी."

त्यांनी पंख्याखाली खुर्ची ओढली आणि दाराला आतून कडी घातली. "बस. नव्या आयपीत, म्हंजे इंटरनेटच्या नव्या नियमात, त पॅकेटच्या माथ्यावरचा, हेडरचा चेकसमच काढून टाकला. काहून काढला, सांग."

उत्तर मला येत होतं. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं.