जावईबापूंची कमान

नव्या घराचं शेवटचं काम संपलं, तेव्हा सासरेबुवा घर बघायला आले. प्रत्येक खोलीत फिरले, नळ सोडून बघितले, आणि निघताना पोर्चमध्ये उभं राहून एवढंच म्हणाले, "घर ठीक आहे हो जावईबापू. फक्त चेहरा नाही त्याला."

झालं! जावईबापूंची झोप उडाली. लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी "वा!" ऐकायचं, ही त्यांची एकच इच्छा. आता ती पोर्चमध्येच पुरी व्हायला हवी होती. पोर्चला कोरीव लाकडी कमान बसवायची, आणि तीही खास करवून घेतलेली!

(बायकोला काही कळू द्यायचं नाही, हेही लगेच ठरलं. मागे त्यांनी स्वतः बसवलेलं भिंतीवरचं कपाट भांड्यांसकट खाली आलं होतं. तेव्हापासून त्यांच्या हातात टेप दिसला की ती माउली आधी मुलांना बाजूला घ्यायची.)

शोध सुरू झाला. पहिल्याच दुकानदाराने कॅटलॉग उघडला. "ही बघा साहेब, सेम टु सेम सागवान दिसतं."

"दिसतं म्हणजे?"

"म्हणजे प्लास्टिक आहे."

जावईबापू ताडकन उठले. मग त्यांनी गावातल्या साऱ्या वखारी पालथ्या घातल्या. रोज केसांत भुसा घेऊन घरी यायचे आणि ऑफिसात फर्निचरचं काम चालू आहे, अशी थाप ठोकायचे. अखेर एक सुतारमामा सापडले. वेल, पानं आणि मधोमध दोन पक्षी, असं ठरलं.

"खिळा दिसता कामा नये," जावईबापूंनी बजावलं. "सात पिढ्या हलता कामा नये!"

"नाही हलणार. माप घ्यायला कधी येऊ?"

आता आली पंचाईत. पोर्चमध्ये बायको! पण जावईबापूंनी हार मानली नाही. समोरचं घर दातांच्या डॉक्टरांचं. बिल्डर तोच, नकाशा तोच, आणि डॉक्टर दिवसभर दवाखान्यात. त्यांनी मामांना गुपचूप तिथे नेलं आणि माप घ्यायला लावलं. आपलं घर रस्त्याच्या पलीकडे आहे, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. (इतकी उघड गोष्ट कोण सांगत बसतो?)

कमान तयार झाली. त्या दिवशी जावईबापू बायकामुलांना खरेदीला घेऊन गेले आणि मामांना फोनवर म्हणाले, "घर तुम्ही बघितलंयच. बसवून टाका."

संध्याकाळी परतले, तर पोर्च तसाच बोडका. मागून बायको म्हणाली, "अगंबाई! डॉक्टरांनी बघा किती सुरेख कमान बसवली! नाहीतर आपण!"

जावईबापू तिथेच पायरीवर बसले. मग सगळं सांगणं भागच पडलं. बायको इतकी हसली, की तिला पाणी आणून द्यावं लागलं.

मामांना फोन केला. "काढायची? साहेब, तोडावीच लागेल. हलणार नाही अशीच हवी होती ना तुम्हाला?"

मग जावईबापू कंबर कसून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर भलतेच खुशीत होते. "एका पेशंटची अक्कलदाढ काढली होती. त्यानेच गुपचूप भेट पाठवली असणार! माणुसकी आहे हो अजून जगात!" आता अशा माणसाला काय सांगणार? जावईबापूंनी बोलायला तोंड उघडलं, तर डॉक्टर आत डोकावून म्हणाले, "खालची दाढ दाखवून घ्या एकदा."

रविवारी सासरेबुवा आले. पोर्चमध्ये खुर्चीत बसले, त्यांनी समोर डॉक्टरांच्या घराकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "वा!"

जावईबापूंनी आपली खुर्ची जवळ ओढली.

"काय काम आहे! असा हौशी माणूस हवा. जावईबापू, त्यांना जरा विचारा, कोणाकडून करवून घेतली."

आता मात्र राहवलं नाही. "मीच करवून घेतली, बाबा! लाकूड माझं, नक्षी माझी, ते दोन पक्षीसुद्धा माझेच!"

 सासरेबुवा मुलीकडे वळून हळूच म्हणाले, "कामाचा ताण फार आहे का गं यांना?"

तिने गंभीर चेहऱ्याने मान हलवली. "हो ना, बाबा. कालपासून डॉक्टरांची गाडीसुद्धा आपलीच म्हणतायत."