सिंदी मेघेतली भरती

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत तेव्हा नळ एक दिवसाआड येई. किती वाजता, ते कोणीच सांगू शकत नसे. समुद्र कधी चढणार, ते मात्र शेजारचे किसनराव रोज सांगत.

किसनरावांचं किराणा दुकान होतं. साखर तोलता तोलता ते जाहीर करत, "आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनले पाणी चढते बाप्पा!" नवं गिऱ्हाईक घाबरून पिशवी वर उचलून धरी. तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब त्यांना कोकणातल्या व्याह्यांनी शिकवला होता. मी तो पडताळला. थोडाफार फरक सोडला तर बरोबर आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी सुमन तिकडे शिक्षिका झाली आणि तिथल्याच माडबागेच्या घरात सून म्हणून गेली. लग्नात घरामागे माडांच्या तीन ओळी होत्या. मीच मोजल्या होत्या. पुढे समुद्र आत सरकत आला, एकच उरली. दगडी बांध घातला, तो वाहून गेला. विहीर मचूळ झाली.

भरती ओसरली की किसनराव एसटीडी बूथवर. "सुमे, कुठवर आला?" जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं ते समुद्राचं नाव घेत नसत. मग, "इकडं काऊन येत नाई तुम्ही? वरची खोली रिकामीच हाये." कॉलेजची पोरं ती खोली भाड्यानं मागत. "पाव्हने येऊन राह्यले," असं किसनराव सांगत. सहा वर्षं पाहुणे येतच होते.

नारळी पौर्णिमेला ते पवनारला जाऊन धाम नदीत नारळ सोडत. एकदा मी सोबत गेलो. राहवलं नाही. म्हटलं, "किसनराव, धामचं पाणी वर्धेत, वर्धेचं शेवटी गोदावरीत. हा जाणार बंगालच्या उपसागरात. सुमनचा समुद्र पश्चिमेला."

"भाऊबंदच ना दोघं? निरोप देईन एकमेकाले."

"भाऊबंद कधी निरोप देतात का?"

ते खो खो हसले. नारळ मात्र सोडलाच.

पुढच्या उन्हाळ्यात सुमनचा फोन आला. त्यांनी रस्त्यापलीकडे, चढावर, कमरेएवढ्या जोत्याचं नवं घर बांधलं होतं. नोकरी, बाग सोडून कुठे जायचं, बाबा? किसनरावांनी दुकानात पेढे वाटले. तरी श्रावणात नारळ घेऊन निघालेच.

"आता कशाला?" नदीवर मी विचारलं. "पोरगी चढावर गेली की राहायला."

त्यांनी नारळाची शेंडी सरळ केली.

"तिच्या घरासाठी नवताच, भाऊ. तुमची वैनी गेल्यापासून घर खायले उठते. भरतीचा हिशेब करता करता मन म्हने, चढ बाप्पा अजून थोडा, म्हंजे पोरगी घरी येईन. बापानं असं मनात आणा काय? म्हून दर साली त्याची माफी मांगतो."

त्यांनी नारळ पाण्यात सोडला. तो पूर्वेकडेच निघाला. या खेपेला मी दिशेचं काही बोललो नाही.